नकारानंतरची मैत्री

आपल्या श्रद्धेविषयी मित्राशी बोलावं का, आणि बोललं तर त्या मैत्रीचं पुढं काय होतं, हा प्रश्न महाराष्ट्राला जुना आहे. १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ निघालं, तेव्हापासून तो वर्तमानपत्रांत, सभांत आणि कोर्टकचेऱ्यांत गाजत आला. घरात आणि गल्लीत मात्र त्यावर क्वचितच बोललं जातं. संबंध बिघडतील म्हणून दोन्हीकडची माणसं गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यातूनच संशय वाढत जातो. हा विषय शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मोकळेपणानं बोलला जावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा संवाद.

यातल्या दोघी कल्पित आहेत; इतिहासातली माणसं आणि घटना त्या सांगतात त्या खऱ्या आहेत. दोघी नगरच्या, एकमेकींच्या शेजारणी, साठी उलटलेल्या. एक निवृत्त परिचारिका, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातली. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडं दहा-बारा जणांची प्रार्थना सभा भरते. दुसरी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली. माहेरी आणि सासरी दोन्हीकडं वारी. गल्ली पहिलीला सिस्टर म्हणते आणि दुसरीला बाई. त्याही एकमेकींना तसंच म्हणतात.

बाई : सिस्टर, आज आडपडदा न ठेवता विचारते. तुमच्या गुरुवारच्या सभेला तुम्ही मला बोलावता, मीही दोन-चारदा आले. गाणी आवडली, माणसं आवडली. पण परवा तुमच्यातला एक मुलगा सहज बोलून गेला, ‘बाई, तुमचं तारण व्हावं म्हणून आम्ही वर्षभर प्रार्थना करतोय.’ तो प्रेमानंच बोलला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मी तुमची शेजारीण होते, की तुमच्या यादीतलं एक नाव?

सिस्टर : शेजारीण होतात आणि आहात. पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी प्रार्थना केली, तुमच्या मुलाची नोकरी गेली तेव्हा केली, आणि तुम्हांला प्रभू येशूची ओळख व्हावी म्हणूनही करते. ज्याच्यामुळं मी आयुष्यात उभी राहिले, तो माझ्या जिवाभावाच्या माणसाला कळावा असं वाटण्यात मला गैर काही दिसत नाही.

बाई : वाटण्यात गैर नाही. पण मैत्रीत हेतू शिरला की तिचा रंग बदलतो. विमा एजंटसुद्धा वाढदिवसाला न चुकता फोन करतो. पॉलिसी घेतली की फोन थांबतो, आणि घेणार नाही असं कळलं की त्याहून लवकर थांबतो.

सिस्टर : मग हीच कसोटी मला लावा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर मी तुमच्याकडं यायची थांबेन का?

बाई : तुम्ही थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण नुसत्या हेतूनं हा प्रश्न संपत नाही. त्यात भीडही आहे. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. अनोळखी माणसानं एसटी स्टँडवर पत्रक दिलं, तर मी ते वाचते किंवा परत देते. मोकळी असते. तुम्ही मात्र रात्री-अपरात्री माझ्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला धावून आला आहात. तुमच्या निमंत्रणाला मी ‘नको’ कशी म्हणू? म्हणून मला वाटतं, धर्म सांगायचाच असेल तर चव्हाट्यावर सांगावा. विष्णुबावा ब्रह्मचारींनी १८५७ साली मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. दोन्ही बाजू उघड, ऐकणारे उघड, ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. तिथं कुणाच्या डोक्यावर उपकाराचं ओझं नव्हतं.

सिस्टर : वादात जो तो आपली बाजू सांभाळतो. समोरच्याचं जगणं त्याला दिसत नाही, दिसायचं कारणही नसतं. विश्वास म्हणजे नुसती मतं असती तर वाद पुरला असता. पण ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याला क्षमा करता येते का, लेकरू गेलेल्या आईला पुन्हा चूल पेटवायचं बळ कुठून येतं, हे वाळूवर उभं राहून सांगता येत नाही. ते जवळून पाहावं लागतं.

बाई : जवळून न पाहताही घडलं आहे की. तुमच्या रेव्हरंड टिळकांचंच घ्या. मी वर्षानुवर्षं त्यांच्या कविता वर्गात शिकवल्या. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं आणि धर्मावर येऊन पोचलं. उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. पुढं टिळकांनी ते पुस्तक वाचलं, आतल्या आत झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथं मैत्री नव्हती, सभा नव्हती, चहा-चिवडा नव्हता. एक पुस्तक, आणि ते वाचायला मोकळा सोडलेला एक बुद्धिमान माणूस. मला ही रीत जास्त स्वच्छ वाटते.

सिस्टर : टिळकांची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका, बाई. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलं असेल. टिळकांना पुस्तकानं बदललं, मान्य. लक्ष्मीबाईंना कशानं बदललं? नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्यांचं जगच कोसळलं. चार-पाच वर्षं त्या नातलगांच्या आधारानं वेगळ्या राहिल्या. पुन्हा टिळकांकडं आल्या त्याही आपलं सोवळं बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक स्वभावानं किती तापट, ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलं आहे. त्या तापट माणसानं या एका बाबतीत धीर धरला. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातीची भिंत आधी पडली, तीही त्यांच्याच विचारानं. विश्वास मागून आला. बाप्तिस्मा १९०० साली. त्या काळातल्या नवऱ्याला बायकोवर दबाव टाकायला केवढी जागा होती! तो न टाकता तिच्याबरोबर राहणं, हीच टिळकांची सगळ्यांत मोठी साक्ष, असं मी मानते.

बाई : हे मला पटतं. ते पुस्तक हिंदू घरांतही आपलं म्हणून वाचलं जातं, त्याचं कारण हेच असावं. पण टिळकांचं घर एक होतं, सगळीकडं तसं नव्हतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आठवा. १८८९ साली मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. आधार नसलेल्या विधवा मुली तिथं राहायच्या. त्यांच्या धर्मात हात घालणार नाही, असा शब्द दिलेला होता. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई आपल्या मुलीबरोबर खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३मध्ये रानडे-भांडारकर बाजूला झाले, पालक मुलींना घरी घेऊन गेले. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही. खरं असेल. पण जिच्या घरी मी जेवते, जिच्याशिवाय मला कुठं थारा नाही, तिचं उघडं दारही मला बोलावतंच.

सिस्टर : तुमच्या सगळ्या बोलण्यात हा मुद्दा वजनाचा आहे. त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. रमाबाईंनी स्वतःच्या घरात दार लावून, लपून प्रार्थना करावी, असंही मी म्हणणार नाही. आणि हेही विसरू नका की सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, तिथं राहून, शिकून हिंदूच राहिली. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, ती आनंदीबाई कर्वे झाली. म्हणजे त्या घरात ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीलाही जागा होती. तरी तुमचं मूळ म्हणणं मी धरते. जिथं एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातात असते तिथं बरोबरी नसते, आणि बरोबरी नसली की मैत्री म्हणता येत नाही. मी इतकी वर्षं वॉर्डात काम केलं. रुग्णानं स्वतः विचारल्याशिवाय प्रार्थनेचा विषय काढला नाही. ज्याच्या हाताला सलाईन लावलेलं आहे, तो नर्सला ‘नको’ म्हणायला मोकळा नसतो.

बाई : सगळे असं जपत नाहीत. आपल्या जिल्ह्यात तर दुष्काळात माणसं पोटासाठी ख्रिस्ती झाली, असं सर्रास म्हणतात.

सिस्टर : म्हणतात, आणि माझे पूर्वज त्यांतलेच आहेत. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात गावोगावची महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती मंडळीत आली. त्यांना धान्य मिळालं, हे मी नाकारत नाही. पण ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच्या झोपडीत कुणीतरी येऊन बसलं, त्याच्या पोरांना अक्षर शिकवलं, त्याला नावानं हाक मारली. पोटाची भूक आणि मानाची भूक एकाच माणसाला लागते. तो त्या हाकेला ओ देऊन गेला, यात त्याची लाज कसली? आणि आज जे लालूच म्हणतात, त्यांनी कायदा पाहावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढं १९५६मध्ये शिखांचा आणि १९९०मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. बाप्तिस्मा घेऊन हातचं जातं, बाई.

बाई : हे मी मुलांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. पण एक विचारते. ज्यांनी तुमच्या लोकांना धर्म दिला, ते तरी त्यांचे मित्र झाले का?

सिस्टर : थोडे झाले, बरेच झाले नाहीत. आणि ते तोंडावर सांगणारा माणूस आमच्यातच निघाला. १९१० साली एडिंबरोला मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली. तिथं व्ही. एस. अझराया हे तमिळ ख्रिस्ती तरुण बोलायला उभे राहिले. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल भारतीय मंडळी सदैव ऋणी राहील, पण आम्हांला त्यांच्याकडून मैत्रीही हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेब आणि त्यांच्या हाताखालचे भारतीय कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकत्र काम करतात आणि एकमेकांच्या घरी जेवत नाहीत, हे त्यांनी सगळ्या सभेपुढं मांडलं. कित्येकांना ते झोंबलं. दोनच वर्षांनी अझराया दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. प्रीती वरून खाली टाकता येत नाही, ती एका पंगतीत बसून द्यावी लागते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. म्हणून मला मोठ्या मैदानातल्या सभेपेक्षा माझी गुरुवारची सभा मोलाची वाटते.

बाई : पण सभा ती सभाच. लहान असली तर दबाव उलट जास्त. हजाराच्या गर्दीत मी मागच्या मागं निघून जाईन. दहा जण डोळे मिटून बसले की अकराव्याला उघडे ठेवणं जड जातं. गाणी सुरू झाली, कुणी रडायला लागलं की आपलंही मन आपलं राहत नाही.

सिस्टर : हा धोका आहे. तो ओळखूनच जुन्या लोकांनी रिती बसवल्या. पहिल्या ख्रिस्ती लोकांकडं देवळं नव्हतीच. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमायची, फिलेमोनाच्या घरी जमायची. पुढं १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा जणांमागं एकानं घरोघर जाऊन ती गोळा करायची, असं ठरलं. पेनी मागायला गेलेल्या माणसाला घरातली भांडणं दिसली, दारू दिसली, आजार दिसले. वर्गणीसाठी केलेले गट एकमेकांना सांभाळणारे गट झाले. आशियातल्या कॅथलिक बिशपांनी १९९०च्या बांडुंगच्या परिषदेत अशा लहान समूहांना बळ दिलं. त्यांच्यात दक्षिण आफ्रिकेतून आलेली सात पायऱ्यांची पद्धत आहे. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारायचे, मग शांत बसायचं. नंतर ज्याला वाटेल त्यानं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. त्यावर दुसऱ्यानं टीका करायची नाही, उपदेश करायचा नाही. शेवटी आठवड्यात करण्याजोगं एखादं काम ठरवायचं आणि प्रार्थना. आम्ही प्रोटेस्टंट, पण ही रीत मी उचलली.

बाई : म्हणजे तुमच्याकडं कुणी कुणाला उपदेश करत नाही?

सिस्टर : उपदेशासाठी रविवारी पाळकसाहेब आहेत. गुरुवारी सतरंजी, बाजाची पेटी आणि ‘उपासनासंगीता’ची पानं सुटलेली दोन पुस्तकं. एक रिक्षावाला येतो, तुम्ही पाहिलाय त्याला. बायकोनं ओढून आणला होता. कितीतरी आठवडे उंबऱ्याजवळच बसला, रिक्षाची किल्ली हातात, कधीही उठून जायच्या बेतानं. आम्ही त्याला पुढं ये म्हटलं नाही. एका गुरुवारी उतारा उधळ्या पुत्राचा होता. बाप पोराला पाहून धावत जातो, तिथं सगळे थांबले. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, ‘मी पोराला पट्ट्यानं मारतो. हात थांबत नाही.’ कुणी शास्त्रवचन फेकलं नाही. आमच्यातले एक निवृत्त कंडक्टर दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्टँडवर त्याच्याबरोबर चहा प्यायला लागले. घरी जायच्या आधीचा तो एक कप. मार थांबला. त्यानं बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेणार नाही, असं स्वच्छ सांगितलंय. त्याच्या घरात खंडोबा आहे. तो अजून येतो, आणि आता आत बसतो.

बाई : तो ‘नाही’ म्हणाला त्या दिवशी चहा थांबला का?

सिस्टर : एक दिवसही नाही.

बाई : मग मी ऐकते आहे. पण हेही ऐका. काही ठिकाणी आजारी माणसाला सांगतात, विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी साखरेच्या गोळ्या सोडल्या आणि पाय गमावला.

सिस्टर : अशा माणसाला माझ्या घरात जागा नाही. मी नर्स आहे. देवाकडं बरं होण्याची याचना करणं वेगळं आणि देवाच्या नावावर औषध बंद करणं वेगळं. दुसरं पाप आहे आणि मी ते सभेत मोठ्यानं सांगते.

बाई : आणि कायदा? कलम २५ धर्माच्या प्रसाराचं स्वातंत्र्य देतं, हे मी नागरिकशास्त्रात शिकवलं आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं हा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करणं हा हक्क नाही.

सिस्टर : मला त्या निकालाची अडचण वाटत नाही. मी कोण कुणाला ख्रिस्ती करणार? मी सांगू शकते, माझं जगणं दाखवू शकते. वळणं न वळणं त्या माणसाचं आणि देवाचं. अडचण येते ती, चार माणसं घरात गाणी म्हणतात म्हणून दारात जमाव उभा राहतो तेव्हा.

बाई : आता शेवटची गाठ. तुमच्या मते येशूशिवाय तारण नाही. मला विठोबा पुरतो. तुमच्या प्रेमाच्या तळाशी ‘बाईंचं अपुरं आहे’ हे बसलेलंच आहे. ते मी कसं विसरू?

सिस्टर : विसरू नका. तुमच्याही तळाशी ‘सिस्टर एकाच वाटेचा हट्ट धरतात’ हे आहेच ना? दोघींना एकमेकींचं काहीतरी अपुरं वाटतं. ते झाकून नुसतं गोड बोललो तर आपण शेजारणी राहू, मैत्रिणी राहणार नाही. स्टॅन्ली जोन्स नावाचे मेथडिस्ट मिशनरी शंभर वर्षांपूर्वी निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना एकत्र गोलात बसवायचे. वाद घालायचा नाही, व्याख्यान द्यायचं नाही. तुमच्या धर्मानं तुम्हांला जगताना काय दिलं, तेवढं प्रत्येकानं सांगायचं. १९२८ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. आपला विश्वास त्यांनी पातळ केला नाही आणि दुसऱ्याचं बोलणं तोडलंही नाही.

बाई : मग तुमच्या सभेत मी तुकोबांचा अभंग म्हटला तर चालेल?

सिस्टर : गुरुवारची उपासना येशूचीच राहील, ती मी बदलणार नाही. पण तुमच्या घरी एकादशीला मी येऊन बसते, तिथं हवे तितके म्हणा. टिळक तर तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्ताकडं आलो म्हणायचे. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते काम मागं पडलं. माझ्या मनात ते अजून आहे.

बाई : तर माझ्या अटी ऐका. निमंत्रण देताना काय आहे ते आधी सांगायचं. वाढदिवस म्हणून बोलावून प्रार्थना सभा करायची नाही. ज्या दिवशी मदत केली त्या दिवशी बोलवायचं नाही. लहान मुलांना आईबापांना विचारल्याशिवाय बसवून घ्यायचं नाही. आणि माणसानं एकदा ‘नाही’ म्हटलं की त्यानं स्वतः विषय काढेपर्यंत पुन्हा विचारायचं नाही.

सिस्टर : चारही मान्य. तुमच्यासाठी प्रार्थना करणं मात्र सोडणार नाही. सभेत तुमचं नाव घेणार नाही, एवढं करेन. आता माझी एक अट. उद्या कुणी गल्लीत येऊन ‘इथं माणसं बाटवतात’ म्हणून ओरडायला लागलं, तर तुम्ही आत बसून जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच बाहेर येऊन सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.

बाई : सांगेन. आणि माझं उत्तर ‘नाही’ आहे, तेही आजच सांगून टाकते.

सिस्टर : ऐकलं. उद्या डॉक्टरांकडं जायचंय तुम्हांला, रिक्षा नऊला सांगितली आहे. मी येते बरोबर.

या दोघींचं एकमत झालेलं नाही आणि व्हायची गरजही नव्हती. दोघींचंही एकेक म्हणणं मला अटळ वाटतं. मैत्री हे धर्मप्रसाराचं साधन झालं की ती मैत्री उरत नाही, हे बाईंचं म्हणणं खरं आहे. आणि आपल्या जगण्याचा मुख्य आधार मित्रापासून लपवून ठेवला तर तीही मैत्री अर्धीच, हे सिस्टरांचं म्हणणंही तितकंच खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींमधून जायची वाट एकच आहे: बोलावं उघडपणे, आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची पूर्ण मुभा द्यावी. लक्ष्मीबाईंना ती मिळाली म्हणून त्यांचा पुढचा ‘होय’ त्यांचा स्वतःचा ठरला. गोदूबाईंनाही ती मिळाली, म्हणून त्या रमाबाईंच्या घरातून जशा होत्या तशा बाहेर पडल्या आणि मोठ्या झाल्या. रमाबाई आणि टिळक या दोघांच्या कामाचं मोल मोजताना आपण बाप्तिस्म्यांचे आकडे मोजतो. त्यांच्या सहवासात राहून वेगळ्या वाटेनं गेलेली माणसंही त्या हिशेबात धरली पाहिजेत.

जे ख्रिस्ती वाचक घरोघर अशा लहान सभा चालवतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या सभेत किती नवे आले, हे पाळकांना जरूर सांगा. पण त्याआधी ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं आठवा आणि त्यांच्याकडं शेवटचं कधी गेला होता, ते स्वतःला विचारा. बरेच दिवस झाले असतील तर या आठवड्यात जा, आणि काही न मागता बसून या. जे ख्रिस्ती नाहीत, त्यांना विनंती अशी की शेजारच्या घरात गाणी चालली आहेत म्हणून तर्क लढवत बसू नका. दार वाजवा, आत जा, ऐका, हवे ते प्रश्न विचारा. पटलं नाही तर तोंडावर सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवा.